आवाज फुटल्यानंतरचा कृष्ण

सातवीच्या स्नेहसंमेलनात मी कृष्ण झालो होतो. जानेवारी १९८२. आईची पिवळी साडी पितांबर म्हणून नेसवलेली, अंगाला पाण्यात कालवलेली नीळ फासलेली (ती पुढे चार दिवस कानामागून निघाली नाही) आणि डोक्याला मोरपीस. एक गौळण म्हटली. पहिल्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या हॉटेलवाल्याने मला पैसे न घेता भजी दिली आणि शकुंतला रेल्वेने अपडाउन करणारी माणसंही "काय किसनदेव!" म्हणून हाक मारू लागली. मूर्तिजापुरात याहून मोठी कीर्ती त्या काळी कोणाला मिळत असेल असं मला वाटत नाही.

गाण्याच्या सरांनी मात्र शाबासकी देताना एक खडा टाकून ठेवला. म्हणाले, "या गावचा तू दुसरा कृष्ण. पहिला वसंता देशपांडे."

आम्हाला वसंतराव देशपांडे माहीत होते ते 'अष्टविनायक'मधले नायिकेचे वडील म्हणून. 'दाटून कंठ येतो' सुरू झालं की टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूने नाकं ओढल्याचे आवाज यायचे. ते पोक्त, भरदार गृहस्थ कधी काळी मोरपीस लावून उभे होते, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. पण होते. २ मे १९२० ला आपल्याच गावात जन्म. आई त्यांना घेऊन नागपूरला आली आणि तिने एकटीने त्यांना वाढवलं. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकत असताना भालजी पेंढारकरांची नजर या मुलावर गेली आणि 'कालियामर्दन' बोलपटात तो कृष्ण झाला. हा बोलपट १९३५चा. 'आठव्या वर्षी कृष्णाची भूमिका केली' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, म्हणून राहवत नाही. १९२० मध्ये ८ मिळवले की १९२८ होतात. तेव्हा आपल्याकडे बोलपटच नव्हता, 'आलम आरा' आला १९३१ मध्ये. निवड केव्हा का झालेली असेना, पडद्यावरचा तो कृष्ण चौदा-पंधरा वर्षांचा होता. म्हणजे आवाज फुटायच्या अगदी काठावर. सरांना नेमकं हेच मला सांगायचं होतं, पण ते मला कळायला वर्ष जावं लागलं.

आठवीच्या संमेलनात मी हट्टाने 'घेई छंद मकरंद' घेतलं. 'कट्यार काळजात घुसली'ची कॅसेट सरांकडे होती. त्यात हे पद दोन चालींत आहे, नाटकातल्या पंडितजींची संथ आणि खाँसाहेबांची, म्हणजे वसंतरावांची, तानांनी भरलेली. सर म्हणाले, संथ गा. मला अर्थातच खाँसाहेबांची हवी होती. तालमीत जमतही होती. संमेलनाच्या आधी आठ-दहा दिवस घसा जड वाटायला लागला, तेव्हा आईने ज्येष्ठमध दिलं आणि मी ते सरांना सांगितलं नाही.

पहिली तान घेतली आणि आवाज मधोमध फाटला. वरचा अर्धा बाईचा, खालचा अर्धा रेड्याचा. मी पुन्हा षड्ज धरला, तोही सापडेना. पेटीवर सर होते. त्यांनी हळूच पट्टी दोन स्वर खाली आणली, मला वाट करून द्यायला, पण मी तिथेही पोचलो नाही. मागून एक पोरगा ओरडला, "आवाज फुटला बे याचा!" आणि सगळा मांडव हसला. मी पद अर्धं टाकून विंगेत गेलो आणि सतरंज्यांच्या ढिगामागे जाऊन बसलो.

सर तिथे आले. समजूत वगैरे काही घातली नाही. विडीचा एक झुरका मारून म्हणाले, "वसंतरावांचाही फुटलाच ना. कृष्णाचं काम संपलं, मग काय केलं असेल त्यांनी?"

मी म्हटलं, "मोठे गायक झाले."

"कधी?"

ते मला ठाऊक नव्हतं. मग सरांनी सांगितलं ते असं. आधी जमेल तिथून गाणं गोळा केलं. लाहोरला मामांकडे राहायला गेले तेव्हा असद अली खाँ यांच्याकडून मारवा राग घेतला. पुढे सुरेशबाबू माने झाले, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ झाले. दीनानाथांचं गाणं तर लहानपणीच कानात घर करून बसलं होतं. आणि हे चालू असताना पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. एक-दोन नाही, चोवीस वर्षं. मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदलीसुद्धा झाली. रात्री मैफल, सकाळी मस्टरवर सही. 'कट्यार'चा पहिला प्रयोग झाला २४ डिसेंबर १९६७ ला. दारव्हेकर मास्तरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून उभा राहिलेला माणूस सत्तेचाळीस वर्षांचा होता.

"बोटांवर मोज," सर म्हणाले. मी मोजले. १९३५ ते १९६७, बत्तीस वर्षं.

"तुला तर अजून बत्तीस मिनिटंही झाली नाहीत," म्हणाले आणि विडी विझवून पुढच्या नाचाला पेटी वाजवायला निघून गेले.

पुढचे सहा महिने त्यांनी मला एक सूर लावू दिला नाही. प्रार्थनेला पेटीचा भाता मी मारायचा आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. माझ्या जागी सहावीतली एक मुलगी गाऊ लागली. तेव्हा तिचा फार राग यायचा. ती माझ्यापेक्षा चांगली गात होती, हे आता लिहायला हरकत नाही.

३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले. शनिवार होता. सोमवारी १ ऑगस्ट, म्हणजे टिळक पुण्यतिथी. प्रार्थनेच्या चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीवर लोकमान्यांची तसबीर, हार. भाषणवाली मुलं 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत' घोकत उभी. सर मुख्याध्यापकांच्या कानात काहीतरी बोलले आणि खिशातून कॅसेटच्या डबीतला कागद काढला. त्यावर वसंतरावांचा पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा फोटो होता. तो त्यांनी तसबिरीच्या कडेला टेकवला. ऑगस्टचं वारं, कागद काही ठरेना. दोनदा पडला. तिसऱ्यांदा सरांनी मला खूण केली आणि मी संपूर्ण कार्यक्रमभर तो कागद दोन बोटांनी तसबिरीला धरून उभा राहिलो. सहा मुलांनी टिळकांवर भाषणं केली. हात भरून आला होता, पण तेवढा वेळ मी त्या फोटोकडे फार जवळून पाहिलं. चष्मा, जाड मान, गाण्याच्या मधेच टिपलेला चेहरा. कृष्ण कुठेच नव्हता.

माझा आवाज पुढे बसला तो जाडाभरडाच. भजनी मंडळापुरता चालतो. कार्यालयात कोणी निवृत्त झालं की 'बगळ्यांची माळ फुले'ची फर्माईश होते आणि मी ते माझ्या पट्टीत, म्हणजे बरंच खालून, म्हणतो. पदवीनंतर कोषागारात लागलो. देयकं तपासायची, आक्षेप काढायचे, परत पाठवायची. सुरुवातीच्या वर्षांत या कामाचा कंटाळा आला की मी मिलिटरी अकाउंट्सच्या टेबलावरचे वसंतराव मनात आणायचो. मला त्यांच्या आयुष्यातला कृष्ण किंवा खाँसाहेब यांच्यापेक्षा हा मधला कारकूनच जास्त जवळचा वाटत आला आहे. त्याच्यावर कोणी लिहीत नाही. लोक बालनटावर लिहितात, नाहीतर थेट 'कट्यार'वर उडी मारतात. चोवीस वर्षं एका ओळीत.

मध्यंतरी सेवार्थ या सरकारी पगारबिलांच्या संगणक प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी आम्हाला नागपूरला बोलावलं होतं. जागा कोणती, तर सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. चार जिल्ह्यांतले लेखा कर्मचारी, गळ्यात ओळखपत्रं, मंचावर पडदा, पडद्यावर पगारबिलाचे रकाने. त्या नावाचा माणूस आपल्याच खात्यातला म्हणावा असा, हे तिथे कोणाच्या गावीही नव्हतं. शेजारी बुलढाण्याचे एक वरिष्ठ लेखापाल बसले होते. मला राहवलं नाही, चहाच्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं. बोलपटातला कृष्ण, चोवीस वर्षांची नोकरी, मग 'कट्यार'.

त्यांनी बिस्कीट चहात बुडवून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चोवीसच? पूर्ण पेन्शन बसली नसेल हो."

आम्ही दोघांनी प्रशिक्षणाच्या फोल्डरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. खरंच बसत नव्हती.