चालतंय की

टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारी माझी डबी उत्तम चालू आहे. तरी दुपारी जेवण झाल्यावर किकॅड (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) उघडून तिच्या बोर्डाचं डिझाइन पुन्हा उसवायला घेतलं. एक ट्रॅक, म्हणजे वायरच्या जागी असलेली तांब्याची रेघ, काटकोनात वळलाय, तो 45 अंशांत वळवायचा. इतक्या संथ सिग्नलला काटकोनाने काडीचा फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. बोर्ड डबीत, डबी जिन्याखाली, बघणार कोण? पण डोळ्यात खुपतं त्याला काय करणार?

पातळीचं वेड सांगलीला नवं नाही. पावसाळ्यात भाजीवालीही कोथिंबिरीच्या पेंडीबरोबर आयर्विन पुलाजवळचे कृष्णेचे फूट सांगते. 40 ला इशारा, 45 ला धोका. उन्हाळ्यात हीच चौकशी गच्चीवरच्या टाकीची.

काका विश्रामबागच्या घरी मागच्या अंगणात बोर्ड करायचे. तांबं चढवलेल्या पत्र्यावर काकूंच्या नेलपॉलिशने ट्रॅक काढायचे (काकूंना न विचारता) आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या टबात सोडायचे. टब हलवत बसायचं काम माझं. उघडं तांबं जेमतेम 35 मायक्रॉनचं, पण ते विरघळेपर्यंत माझे हात भरून यायचे. रंगवलेलं तेवढं शिल्लक राहायचं. फरशीवरचे तपकिरी डागही राहायचे. ते काकूंनी चिंच लावून बघितले, लिंबू लावून बघितलं, शेवटी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. एखादी जोडणी राहून गेली की काका वरून वायर टाकायचे, "चालतंय की!" म्हणायचे आणि चहाला उठायचे.

मला काही असं उठता येत नाही. रेघ पुसायला इथे स्क्रीनवर काहीच कष्ट पडत नाहीत. ट्रॅक वळवला की शेजारचा रेझिस्टर तिरका वाटतो, तो सरळ केला की स्क्रूचं भोक कडेला गेल्यासारखं दिसतं. एवढं करून मागवायला गेलं तर बहुतेक ठिकाणी कमीत कमी पाच बोर्ड घ्यावे लागतात. टाकी एकच.

किकॅड 7 पासून बोर्डावर हवा तो फॉन्ट वापरता येतो, म्हणजे देवनागरीही. कोपऱ्यात 'सांगली' लिहिलं. पण 0.15 मिलिमीटरपेक्षा बारीक छपाई नीट उमटेलच असं नाही, आणि टिंब गेलं तर 'सागली' व्हायची. अक्षर मोठं केलं. आता ते कनेक्टरवर चढतंय.

कनेक्टर सरकवायला लागणार.