तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं घाबरत नाहीत का?

दर मे महिन्यात हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक मुंबईहून सुट्टीला आलेले आईबाबा. वेंगुर्ल्याजवळ सहकुटुंब मेळाव्यात एका काजूच्या बागेत आम्ही काळोखात नाटक करतो. मंच नाही, खुर्च्या नाहीत. संकासुर नावाच्या राक्षसाने वेद चोरून त्यांची पानं झाडाझाडांत दडवली आहेत, ती मुलांनी घरच्यांना घेऊन चालत चालत शोधायची. "एवढ्या काळोखात मुलं घाबरत नाहीत का हो?"

घाबरतात की.

ही आमच्या डोक्यातली कल्पना नव्हे. इथल्या जत्रांत दशावतार, म्हणजे आमचं लोकनाट्य, मध्यरात्रीनंतर उभा राहतो तो पहाटेपर्यंत. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच सगळं. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर मालवणीत बोलून हसवतो. तिकडे गुहागरकडे मात्र शिमग्यात तो काळ्या वेषात, कमरेला घुंगरं बांधून पोरांच्या मागे लागतो. आजोळी मी त्याला बघून भाताच्या कणगीमागे लपलो होतो. तो माझा मामा होता. पायावरच्या कोयत्याच्या वणावरून मी त्याला ओळखलंही होतं. तरी लपलो.

देवराईत का करत नाही, असंही विचारतात. ती देवाची जागा, तिथे आपला खेळ मांडायचा नाही, एवढंच. काजूची बाग मालकाची, आणि मालक हौशी. सुरुवातीला गाऱ्हाणं, म्हणजे देवाला विनवणी, तोच घालतो. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या हाकेला मुलांचा आवाज मोकळा होतो. तो पुढे कामाला येतो.

आता भीतीची तयारी. जांभ्याच्या फटींत फुरसं असतं, म्हणून दुपारीच वाट झाडून लख्ख करतो. पण संकासुर जिथून येणार तिथला पाचोळा मुद्दाम ठेवतो, उलट थोडा आणून टाकतो. काजूचं वाळलेलं पान जाड; पायाखाली असं कुरकुरतं की वीस पावलांवरून कळतं. आधी आवाज, मग घुंगरं, मग माणूस. उलटं केलं, म्हणजे झाडामागून एकदम उडी मारली, तर मुलं नुसती दचकतात, आणि दचकण्यात काही मजा नाही. (तांबड्या मुंगळ्यांचं घरटं कुठल्या फांदीवर आहे तेही बघून ठेवावं लागतं. एकदा नव्हतं बघितलं. त्या रात्री संकासुर खरोखरच नाचला.)

चुडी, म्हणजे झावळ्यांच्या मशाली, पेटवत नाही. मे महिन्यात तो पाचोळा म्हणजे रॉकेलच. बॅटरीचे कंदील पुरतात. तारीख शक्यतो पौर्णिमेनंतरची दुसरी रात्र. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो, त्यामुळे साडेसातला झाडांखाली काळोख मिळतो आणि शेवटचं पान सापडेपर्यंत माडांमागून उजेड यायला लागतो. तेवढी प्रकाशयोजना फुकट.

एकदा मात्र आमचं चुकलं. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा इतका भ्यायला की रात्रभर झोपला नाही. सकाळी त्याची आई आली आणि मला सुनावून गेली. तिचं बरोबर होतं. पहिल्यांदाच कोकणात आलेल्या पोराला संकासुर कोण ते ठाऊकच नव्हतं. मला माझा मामा तरी होता.

तेव्हापासून संकासुर उजेडातच तयार होतो. सहा वाजता, अंगणात, मुलांच्या घोळक्यात. "हो तर आमचो रिक्षावालो!" म्हणून गावातली पोरं ओरडतात. तो चहा पितो, झगा चढवतो, घुंगरं मुलांना वाजवायला देतो, मुखवट्याची गाठ त्यांनाच मारायला लावतो. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं, आता कोण घाबरणार? मलाही थोडं वाटलंच होतं.

यंदा तो मुलगा परत आला. गाठ त्यानेच मारली, चांगली दोनदा ओढून पाहिली. आणि साडेसातला पाचोळा वाजला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच किंचाळला, आईचा हात सोडून रिक्षावाल्याच्याच दिशेने धावत.