मरीयेचं बाळंतपण

२४ डिसेंबर, रात्री उशिरा

गाणारी मंडळी आत्ताच पुढच्या गल्लीत गेली. पेटी, तबला, टाळ आणि मागे पोरांचा घोळका, नगरला आमच्याकडे हे असंच असतं, रेव्हरंड टिळकांचं एखादं पद झाल्याशिवाय कोणी उठत नाही आणि चहा प्यायल्याशिवाय आई उठू देत नाही.

यंदा ताई बाळंतपणाला आलीये त्यामुळे घर पार उलटंपालटं. एका शेगडीवर करंज्या, दुसरीवर डिंकाच्या लाडवांचं सामान, मधे ओव्याची धुरी, आणि कोणीतरी सारखं ओरडतंय की दार लावा, बाळंतिणीला वारं लागेल. चांदणी लावायची राहिली ती राहिलीच. केक तर बेकरीतूनच आणला.

संध्याकाळी सगळे बाजारात होते तेव्हा बाळ माझ्याकडे होतं. अजून मान धरत नाही, एक हात सतत मानेखाली ठेवायचा, जरा सैल सोडला की डोकं लगेच कलंडतं, भीतीच वाटते. आणि तेव्हा एकदम डोक्यात आलं की देव आला म्हणतो आपण, तो असा आला. मान सावरायलासुद्धा कोणाचा तरी हात लागत होता त्याला. संडे स्कूलच्या नाटकात डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ झालेय मी, बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, दर नाताळात ऐकते, पण हे कधी असं अंगावर आलं नव्हतं.

आणि मग येशूच्या आईचा, मरीयेचाच विचार. पहिलटकरीण, दिवस भरलेले, माहेरी असायचं तर रोमच्या कैसराने नावनिशी, म्हणजे शिरगणती, काढली म्हणून नासरेथहून थेट बेथलेहेम, शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. गाढवावर बसून गेली हे आपण चित्रात घातलंय, लूकने गाढवाचं नाव काढलेलं नाही. उतारशाळेत जागा नाही. सुईण होती का, कोणी पाणी तापवून दिलं का, काहीच लिहिलेलं नाही, तिने त्याला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, एवढंच. इथे ताईच्या दिमतीला चार बायका आहेत तरी ती रात्री रडते.

म्हणून मला ते चर्चमधले लखलखीत गोठे बघून थोडं कसंतरी होतं, पोरं मेहनत करतात हे मान्य, पण गवत इतकं स्वच्छ! २०२३ मध्ये बेथलेहेमच्या ल्युथरन चर्चने गाझातल्या युद्धामुळे बाळ येशूला फुटक्या लाद्या आणि दगडांच्या ढिगाऱ्यात ठेवलं होतं, तो फोटो मी अजून ठेवलाय मोबाईलमध्ये. खरं तर मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे तेच आहे ना, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलेला आणि मरीया, तिचा नवरा योसेफ आणि बाळ हे तिघं रातोरात मिसरला, म्हणजे इजिप्तला. मेंढपाळ आणि मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, यांच्यापर्यंतच आपण नाताळ करतो, तिथून पुढचं कोणी नाटकात घेत नाही.

उद्या उपासना सकाळी आहे. ताईला यायचंय आणि आजी सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीये. ताई म्हणाली आजी हे आपल्यात नसतं, तर आजीने सरळ बायबल काढलं, मरीयासुद्धा शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावरच मंदिरात गेली होती, लेवीयच्या पुस्तकात मुलगा झाला तर चाळीस दिवस दिलेत. अर्पणाला कोकरू परवडत नसेल तर पक्ष्यांची जोडी चालेल हेही तिथेच आहे आणि मरीया-योसेफाने पक्षीच दिले, म्हणजे हातात पैसा नव्हताच, हे आजीने जाता जाता ऐकवलं. ताईने पुस्तक ओढून घेतलं, पुढची ओळ वाचली, मुलगी झाली तर ऐंशी.

आमची तर मुलगीच आहे.

आजी म्हणाली, मग ऐंशी दिवस बस.