एका रात्रीत शिवलेली निळी जर्सी

आज आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर मी आणि अक्का नुसते उसवत बसलो होतो. भाच्याच्या टीमची उद्या मॅच आहे आणि समोरची टीमही पिवळ्यातच येणार, हे आज दुपारी कळलं. मग घाईघाईनं साधे निळे टी-शर्ट आणले, पिवळ्या जर्सीवरचे बिल्ले काढून त्यावर लावायला घेतले.

ब्लेडचं टोक टाक्याखाली घालायचं, हलकेच उचलायचं, कापड फाटू द्यायचं नाही. अकरा बिल्ले म्हणजे दीड तास.

हात चालू होते, पण डोक्यात 1958 चं स्टॉकहोम होतं. फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, स्वीडन आणि ब्राझील दोघेही पिवळ्यातले. पिवळा राहिला स्वीडनकडे. ब्राझीलनं 1950 ला मायदेशात उरुग्वेकडून हार खाल्ली ती पांढऱ्या जर्सीत, त्यामुळे पांढरा अपशकुनी झालेला. शेवटी तिथल्याच बाजारातून निळे शर्ट घेतले आणि पिवळ्यावरचे बिल्ले उसवून त्यांवर शिवले. खेळाडू धास्तावले, तेव्हा पथकाचे प्रमुख पाउलो माशादो द कार्व्हाल्यो म्हणाले, हा तर आपल्या आपारेसिदा मातेच्या, म्हणजे ब्राझीलची रक्षणकर्ती मानलेल्या मेरीमातेच्या, शालीचा रंग! ब्राझील 5-2 नं जिंकलं, सतरा वर्षांच्या पेलेचे दोन गोल. तोच निळा आजही त्यांचा दुसरा रंग आहे.

ते टाके कुणी घातले असतील, हे मला फार जाणून घ्यायचंय. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग कडेला दुहेरी शिलाई मार रे, पोरं ओढाओढी करतात."

मारली. सकाळी पार्क मैदानावर जातोय.