ताणावर सोडलेला बगीचा

एप्रिल महिन्यात आमच्याकडे कुणी विचारलं, "काय म्हन्ते बगीचा?" तर उत्तर ठरलेलं असतं. "तानावर सोडला." विचारणारा मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. बाहेरगावचा पाहुणा मात्र बिचकतो. पुण्याहून आलेल्या माझ्या साडूनं एकदा फार काळजीनं विचारलं होतं, "कशाचा ताण? कर्जाचा?" तोही असतोच म्हणा, पण तो बगीच्याला नसतो, बगीचावाल्याला असतो.

बगीचा म्हणजे संत्र्याचा. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या मोर्शी-वरुडकडे दुसऱ्या कशाला बगीचा म्हणायची पद्धत नाही. आणि ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडणं. विहिरीत पाणी असलं तरी तोडणं. मृगाचा बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारी फुलं घ्यायची तर एप्रिलपासून झाडांची आळी कोरडी ठेवायची, जमिनीत वखराची पाळी द्यायची आणि बाजेवर बसून झाडांकडे बघायचं. मुरमाड वावर असेल तर महिनाभरात ताण बसतो. काळी भारी जमीन असेल तर दीड महिना, कधी दोन. काळी माती कंजूष म्हातारीसारखी असते, कमरेच्या पिशवीत कुठे कुठे ओल लपवून ठेवते.

दहावीची परीक्षा झाल्यावर मला राखणीला म्हणून आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, बगीच्यात पाठवलं. राखायचं काय होतं देव जाणे, झाडावर एक फळ नव्हतं. बहुधा घरातून ब्याद बाहेर काढायची होती. दुपारी मी विहिरीजवळच्या झाडाखाली पडून असायचो. पारा 45 च्या वर. त्या उन्हात मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं पान नीट पाहिलं. एरवी सपाट असणारं संत्र्याचं पान आतल्या बाजूला दुमडून पन्हळीसारखं झालं होतं. हिरवा रंग शंभरदा धुतलेल्या सदऱ्यासारखा विटलेला. हात लावला की कागदासारखं करकर वाजायचं. खाली पिवळी पानं पडलेली, रोज थोडी जास्त. सकाळी सकाळी झाड जरा बरं दिसायचं, पण अकरा वाजले की पुन्हा मान खाली.

मला कणव आली. पंधरा वर्षांच्या वयात ती येते. आबाजी जेवायला घरी गेले की मी त्या एका झाडाला दोन-चार बादल्या पाणी घालायचो. एक दिवसाआड, पुरे तीन आठवडे. झाडही कृतघ्न नव्हतं, आठवड्यात टवटवीत झालं. मी खूश.

जून सरता सरता पाऊस झाला आणि बगीचा फुटला. संत्र्याचा बहार फुटतो तेव्हा अर्धा कोस आधी वास येतो, गावात शिरायच्या आत माणसाला कळतं कुणाचा बगीचा कसा आहे. सगळी झाडं पांढऱ्या कळ्यांनी लदलेली, आणि विहिरीजवळचं माझं झाड हिरवंगार. लांबच लांब कोवळ्या फांद्या, चकचकीत पानं, औषधाला एक फूल नाही. आमच्याकडे याला 'नवती' म्हणतात. नुसती नवती आली की बगीचावाल्याचं तोंड उतरतं.

आबाजींनी झाडाभोवती एक चक्कर मारली, माझ्याकडे पाहिलं. "काऊन रे, याले पानी कोनं पाजलं?"

मी कबूल झालो. मला वाटलं आता पाठीत बसणार. ते म्हणाले, "त्याले वाटलं, आपलं बरं चालू हाय. मंग थे कायले फुलते?"

पुढे ते झाड आमच्या घरात 'दयाळू' या नावानं ओळखलं गेलं. नाव झाडाचं होतं, पण हाक मला असायची.

आबाजींच्या त्या वाक्याचा शास्त्रातला अर्थ मला कॉलेजात कळला. पाणी तुटलं की सगळ्यात आधी मुळांना कळतं. मुळं वर निरोप पाठवतात, म्हणजे एक रसायन पाठवतात, त्याचं नाव ॲब्सिसिक आम्ल. पानाच्या पाठीवर हजारो बारीक तोंडं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून झाड हवा घेतं आणि वाफेच्या रूपानं पाणी घालवतं. निरोप पोचला की ही तोंडं मिटतात. पाणी वाचतं, पण हवाही बंद, म्हणजे अन्न शिजवणंही मंदावतं. मग झाड नव्या फांद्या, नवी पानं हा वाढीचा सगळा खर्च थांबवतं. खर्चच बंद झाल्यानं जे थोडंबहुत अन्न असतं ते साठत जातं, फांदीवरच्या डोळ्यांमध्ये पालवीऐवजी फुलांची तयारी होते, आणि पाणी मिळालं रे मिळालं की बहार बाहेर पडतो. संत्र्याचा दुसरा बहार, आंब्याला मोहर येतो त्या सुमारास फुलणारा, तो आंबिया. त्याला हिवाळ्याची थंडीही हातभार लावते. मृगाला मात्र सगळी मदार तहानेवर.

तेव्हापासून मला दुपारी वावरात फिरायची खोड लागली. माणसं झोपतात त्या वेळी पिकं काय करतात ते बघण्यासारखं असतं. पावसानं पंधरा दिवस दडी मारली की ज्वारीची पानं स्वतःला गुंडाळून घेतात, लांबून वाटतं कांद्याची पात उभी आहे. पानाच्या वरच्या अंगाला मोठ्या पेशी असतात, त्यांतलं पाणी उतरलं की पान आपोआप वळतं. उन्हाला अंग कमी दाखवायचं, एवढाच हेतू. सोयाबीन तर पानं चक्क उलटी करतं. फिकट पाठ सूर्याकडे. दुपारी दोन वाजता धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाहिलं तर सगळं वावर पांढुरकं दिसतं. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, स्वभाव वेगळा, ती हिशोबी बाई आहे. एवढ्या लेकरांना पोसणं जमणार नाही असं दिसलं की पात्या, म्हणजे कळ्या, आणि कोवळी बोंडं गाळून टाकते, उरलेल्यांना पोसते. तूर काहीच करताना दिसत नाही, कारण तिनं जे करायचं ते जमिनीखाली आधीच करून ठेवलेलं असतं. सोयाबीन निघून गेल्यावर, वर थेंब नसताना, ती नोव्हेंबरात हिरवी उभी असते ती त्या खोल सोटमुळाच्या जोरावर.

सातपुड्याच्या पायथ्याचा साग तर उन्हाळ्याशी भांडतच नाही. सुपाएवढी पानं घेऊन उन्हात उभं राहणं परवडत नाही, म्हणून सरळ पानं टाकतो आणि खराट्यासारखा उभा राहतो. पळसही पानं टाकतो, पण त्याच उघड्या अंगावर केशरी फुलं मिरवतो. मला सगळ्यात नवल वाटतं ते आमच्या अंगणातल्या कडुनिंबाचं. पाऊस तीन महिने दूर, माठातलं पाणीसुद्धा आटायला लागलेलं, आणि याला पाडव्याच्या सुमाराला तांबूस कोवळी पालवी. खोलवरची ओल पिऊन हा भर उन्हाळ्यात सावली तयार करतो. माय म्हणते, "त्याले ठाऊक असते, बाज कोठी टाकाची."

हे सगळं पाहिल्यावर 'झाडं मुकाट्यानं सोसतात' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. मुकाट असतील, पण हातावर हात ठेवून बसलेली नसतात.

आता इथं एक धोका आहे. एका कार्यक्रमात एक पाहुणे हाच संत्र्याचा दाखला देऊन शेतकऱ्यांना सांगत होते की ताण चांगला असतो, ताणातूनच माणूस फुलतो. मी मागच्या खुर्चीवर होतो, आबाजी असते तर उठून गेले असते. ताण देणं सोपं आहे, तो मोजणं कठीण. चार पानं गळली तर ठीक, झाड उघडं पडलं तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, त्याला सल म्हणतात, मग करवत घेऊन फिरावं लागतं. आणि फार हाल झालेलं झाड जाता जाता कधी असं फुलतं की बघणाऱ्यानं नजर लावावी. नवखा माणूस खूश होतो. जुना माणूस ते फूल पाहून गप्प होतो.

ताण तोडतानाही हात सांभाळावा लागतो. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. मग थोडं जास्त. आबाजी म्हणायचे, "एकादशीच्या उपाशी मानसाले पंगतीत बसवू नये, पयले आंबील पाजा." पऱ्हाटीला हे कुणी समजावत नाही. ऐन बोंडांच्या दिवसात वीस दिवस कोरडं ऊन, आणि मग एका रात्रीत धो धो. सकाळी उठून पाहावं तर गुडघाभर हिरवं पीक माना टाकून बसलेलं. रोग नाही, कीड नाही. काळ्या मातीत पाणी साचलं, मुळांचा श्वास कोंडला, वर बोंडांचा भार आणि पानांना ऊन. पाण्यात उभं राहून पीक तहानेनं मरतं. याला 'आकस्मिक मर' म्हणतात. आमच्या शेजाऱ्यानं एका वर्षी दोन एकर असे गमावले आणि त्याआधी वीस दिवस तो पावसासाठीच मारुतीला नारळ बोलत होता.

हल्ली ताण आमच्या हातात राहिला नाही. एकतर विहिरीच तो देतात, फेब्रुवारीतच तळ दाखवून. बोअर हजार फुटांवर गेल्याच्या गोष्टी पारावर निघतात. नाहीतर भर मे महिन्यात आभाळ भरून येतं. पाणी नको तेव्हा पाऊस, हे आमच्याकडे कुणाला सांगावं? बाहेरचा माणूस म्हणेल, विदर्भातले लोक पाऊस आला म्हणून रडतात.

मागच्या उन्हाळ्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला आठवडा होता. ताण बसत आलेला, पानं मस्त पन्हळलेली. संध्याकाळी वारा सुटला, टिनं वाजली आणि वीस मिनिटं पाऊस कोसळला. पोरं अंगणात नाचली. बाबा ओसरीवर उभे राहून नुसते ऐकत होते, किती जोर आहे ते.

सकाळी चहाच्या आधी आम्ही बगीच्यात गेलो. बाबांनी दयाळूच्या आळ्यात बसून खुरप्यानं माती उकरली आणि खड्ड्यात हात घातला. बोटं आडवी धरून ओल मोजली.

"चार बोटं," ते म्हणाले.

"म्हणजे तुटला ताण?"

त्यांनी हातावरची माती झटकली, वर पानांकडे पाहिलं. "मले काय इचारतं? पंधरा दिवसानं याले इचारू."