खिंडसी, कन्हान आणि पाण्यात घालायचे बूट

नागपूरच्या आसपास गळ टाकायला जाणाऱ्यांनी बुटांवर हजाराच्या वर खर्च करू नये, असं माझं ठाम मत झालंय. जानेवारीत आम्ही मित्र रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो आणि परतताना कन्हान नदीच्या पात्रात थांबलो. गाळ, दगड, वाळू तिन्ही एकाच दिवसात पायाखालून गेलं आणि प्रत्येकाच्या पायात वेगळा बूट होता.

कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला जायचं, पुढे थोड्याच अंतरावर तलाव. नागपूरहून साधारण 50 किलोमीटर. बोटिंगच्या बाजूला थांबण्यात अर्थ नाही, गर्दी आणि गोंगाट. हिवाळ्यात पाणी उतरत जातं तसा काठाला काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो आणि खरी परीक्षा तिथंच होते.

एकाने गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले होते. रात्री गव्हाला पाणी द्यायला जायचं तर गमबुटाला तोड नाही. तलावात मात्र पाणी गुडघ्यावर गेलं की तो वरून भरतो, आणि भरलेला बूट गाळात रुतला की पाय सुटून येतो, बूट तिथंच राहतो. तेच झालं. जाळं आवरत असलेल्या एका ढिवरकाकांनी तो उपसून दिला. "भाऊ, हे घालून पाण्यात कायले उतरता? वावरात घाला न!" काका स्वतः अनवाणी होते. त्यांना तळ पाठ आहे, आपल्याला नाही. बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या, कुणाचे तुटलेले गळ, काहीही लागू शकतं. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात लेप्टोचीही (उंदीर, गुरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते.

दुसऱ्याचे बूट परदेशी, खास पाण्यातून चालण्यासाठी बनवलेले, तळाला नमदा, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचा थर. शेवाळलेल्या दगडावर नमदा खरंच छान धरतो. पण खिंडसीच्या गाळात त्याला मातीचे लोंदे चिकटले आणि बूट जड झाले. शिवाय तो लवकर वाळत नाही, त्यामुळे एका पाण्यातलं शेवाळ दुसऱ्या पाण्यात जातं. न्यूझीलंडने 2008 मध्ये असल्या तळव्यांवर बंदी आणली, ती याच कारणाने.

माझ्या पायात कॅनव्हासचे उंच हंटर बूट होते, रबरी तळाचे. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात पाचसहाशेच्या आसपास मिळतात. पाणी आत येतंच, ते अडवायचं नसतं, बाहेर जाऊ द्यायचं असतं. तळाच्या जरा वर, आतल्या बाजूला, तापवलेल्या खिळ्याने दोन बारीक भोकं पाडा. मोठी पाडलीत तर कन्हानची वाळू आत शिरते आणि पाय सोलून निघतो.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे सोबत न्या आणि ते घालूनच माप घ्या, बहुधा एक नंबर मोठा लागतो. मोजे सुती नकोत, ओले झाले की फोड आणतात. लोकरीचे किंवा नायलॉनचे बरे. सुती नाड्याही बदला, भिजल्यावर त्यांची गाठ सुटत नाही. घोट्याला आधार नसलेले बूट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आणि नवे बूट थेट तलावावर नेऊ नका, आधी शहरातल्या फुटाळ्याच्या काठाने चार फेऱ्या मारा.

कन्हानमध्ये वाळू उपशाचे खड्डे आहेत आणि वरून पाणी सपाट दिसतं. तिथं बूट कामाचे नाहीत, काठी लागते. आधी काठी टेकायची, मग पाय सरकवायचा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नका.

बहुतेक तलावांचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी विचारून घ्या. तोतलाडोह धरणाचा विचारही नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथं मासेमारीला बंदी आहे. घरी आल्यावर बूट धुऊन, आत रद्दी कोंबून सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात तळाचा गोंद सुटतो.