लेकीने बांधलेला पारंपरिक कंदील: माझा अनुभव

आम्ही ठाण्याला, वर्तकनगरला राहतो. गेल्या दिवाळीत लेकीने (वय ८) जाहीर केलं की कंदील विकत आणायचा नाही, आजोबा करायचे तसा घरी करायचा. अण्णा म्हणजे माझे सासरे, दरवर्षी कंदील घरीच बांधायचे पण आता हात थरथरतो म्हणून चार-पाच वर्षं बंदच होतं. मग ठरलं की अण्णा सांगणार, लेक बांधणार आणि मी लागेल तिथे मदत करणार. पाच-सहा संध्याकाळी गेल्या, कुणाला करायचा असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय.

बांबूच्या कामट्या बुरुडाकडून आणल्या, ३ फुटी ७, आणि पतंगाचा कागद जांभळी नाक्याला मिळाला. सहा कामट्यांचे प्रत्येकी ८ इंचाचे ४ तुकडे, म्हणजे एकूण २४, सातवी शेवटी तिरकी बांधायला लागते. माप अजिबात चुकवू नका, एखादा तुकडा जरी लहान-मोठा झाला तरी सांगाडा तिरका होतो. आणि तुकडे पॉलिशपेपरने घासून घ्या, मुलांच्या बोटात कुसं जातात.

आता बांधणी. ४ तुकड्यांचा एक चौकोन, असे ४ चौकोन. ते पतंगासारखे टोकावर उभे करायचे, बाजूची टोकं एकमेकांना बांधत गोल फिरून परत पहिल्यापाशी यायचं. मग वरची ४ टोकं जोडायला ४ कामट्या, खालची जोडायला ४, झाले २४. आणि मधे आपोआप ८ त्रिकोण तयार होतात, ते वेगळे बांधावे लागतच नाहीत, हे दिसल्यावर लेक उठून घरभर सांगत सुटली. सगळे मिळून १२ सांधे, प्रत्येक सांध्यात ४ कामट्यांची टोकं.

इथे माझी एक चूक झाली. पहिल्या दिवशी भाजणी दळायला टाकायची होती, घाई होती, म्हणून मी ग्लू गनने सांधे चिकटवून टाकले. सकाळी बघतो तर तीन सुटलेले. बांबूची साल गुळगुळीत असते, त्यावर तो गोंद गार झाला की खपलीसारखा निघतो. लेक रडवेली झाली आणि मला फार वाईट वाटलं, कारण काम तिचं होतं आणि घाई माझी. मग सगळं सोडवून जाड दोऱ्याने बांधायला घेतलं, दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा आणि गाठीवर मैद्याची खळ लावायची. तिचे दिवसाला तीनच सांधे व्हायचे. एक सांधा तिने पाच वेळा सोडला, मी हात पुढे केला तर अण्णा म्हणाले, "अगं राहू दे, तिची गाठ तिलाच बांधू दे." बाराही गाठी तिच्याच आहेत, एकही माझी नाही.

सगळं बांधून झाल्यावर सांगाडा हातात घेतला की मुरगळत होता, आम्हाला वाटलं बिघडलं. अण्णांनी समजावलं की त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो. वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक कामटी तिरकी बांधली, बाकीचे चार चौकोन कागद चिकटल्यावर खरंच ताठ झाले.

खळ घरचीच. २ चमचे मैदा १ वाटी गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून मग मंद गॅसवर, चकाकी येईपर्यंत ढवळत राहायचं. पूर्वी कीड लागू नये म्हणून यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, पण तो विषारी आणि घरात लहान हात, म्हणून आम्ही घातला नाही, लागेल तेवढीच ताजी केली. कागद सगळ्या बाजूंनी अर्धा इंच मोठा कापून कामटीवर दुमडायचा. खळ पातळ ठेवू नका, पहिल्या गुलाबी कागदाचा रंग सुटून शेजारच्या पिवळ्यावर ओघळला, तो बदलावा लागला.

कागद वाळेपर्यंत चकल्या. सोऱ्यातून चकली मोडत होती तर लेकच म्हणाली, आई पीठ कोरडं झालंय. चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा मळलं आणि चकली सलग पडायला लागली. चार दिवस खळ हाताळल्याने तिला ते हाताला कळलं असं मला वाटतं, माझ्यासाठी त्या दिवाळीतलं सगळ्यात मोठं काम तेच झालं.

आत ५ वॅटचा एलईडी लावला, वरची बाजू उघडीच. जुन्या पिवळ्या बल्बने कागद करपायचा असं अण्णा सांगत होते. खाली झिरमिळ्या लावल्या, त्या जरा लांब झाल्या आणि बाल्कनीच्या कठड्याला लागत होत्या, लेकीने कापू दिल्या नाहीत. वसुबारसेच्या संध्याकाळी लाईट लावला तेव्हा अण्णा खुर्ची बाल्कनीत ओढून बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत.

तुळशीचं लग्न झाल्यावर कागद भिजवून काढून टाकला आणि सांगाडा जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. यंदा नुसता कागद बदलायचा, लेकीला जांभळा हवाय.